हेस्टिंग्जचा एक संस्मरणीय डाव

श्रोतेहो, क्रिकेटचा सामना मैदानावर न जातां नुसता ऐकून समजतो, आणि गाण्याची बैठक तर ऐकण्यासाठींच असते. बुद्धिबळाचा डाव मात्र डोळ्यांनीं पाहावयाचा. तो कानांनीं पाहा असें म्हणणें थोडें धाडसाचेंच आहे. तरीहि आज तें धाडस मी करणार आहें. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो मांडून जवळ ठेवावा. ज्यांच्याजवळ नसेल त्यांनींहि उठून जाण्याचें कारण नाहीं. कारण या डावांत सोंगट्यांच्या हालचालींइतकाच मनुष्यस्वभावाचाहि खेळ आहे, आणि तो समजण्यास पट लागत नाहीं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नांवाचें गांव आहे. तेथें १८९५ सालीं, ५ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत, बुद्धिबळाचे मोठे सामने झाले. जगांतील नामांकित असे बावीस खेळाडू त्यांत होते. आदल्याच वर्षीं जगज्जेता झालेला तरुण जर्मन पंडित लास्कर होता, जर्मनीचा ख्यातनाम आचार्य टाराश होता, रशियाचा चिगोरिन होता, आणि ज्याचें नांव तोंवर युरोपांत फारसें कोणास ठाऊक नव्हतें असा बावीस वर्षांचा अमेरिकन तरुण पिल्सबरी होता. शेवटीं पहिला क्रमांक या पिल्सबरीनेंच पटकावला. परंतु पिल्सबरीच्या विजयाइतकाच लोकांच्या स्मरणांत राहिला तो १७ ऑगस्ट रोजीं, सामन्यांच्या दहाव्या फेरींत, खेळला गेलेला एकच डाव. पांढऱ्या बाजूस होता विल्हेल्म स्टाइनिट्झ, आणि काळ्या बाजूस होता कुर्ट फॉन बार्डेलेबेन.

आज आपण ज्यांना ग्रँडमास्टर म्हणतों त्यांना ती पदवी रीतसर देण्याची प्रथा आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघानें १९५० सालीं सुरू केली. १८९५ सालीं अशी सनद कोणाच्याच खिशांत नव्हती. पण योग्यतेनें हे दोघेहि त्याच पंक्तीचे होते.

स्टाइनिट्झचा जन्म १८३६ सालचा, प्राग शहरांतला. गणिताच्या अभ्यासासाठीं तो व्हिएन्नास गेला आणि बुद्धिबळाचाच होऊन राहिला. १८८६ सालीं त्यानें अमेरिकेंत झुकेरटॉर्ट नांवाच्या खेळाडूचा दहा विरुद्ध पांच डावांनीं पराभव केला, आणि तेव्हांपासून जगज्जेता हें बिरुद त्याच्या नांवाला लागलें. तें त्यानें आठ वर्षें सांभाळलें. १८९४ सालीं पंचवीस वर्षांच्या लास्करनें दहा डाव जिंकून तें त्याच्याकडून घेतलें. स्टाइनिट्झला पांचच डाव जिंकतां आले. म्हणजे हेस्टिंग्जला आला तेव्हां स्टाइनिट्झ एकुणसाठ वर्षांचा होता, पदच्युत झालेला होता, आणि ज्यानें त्याला पदच्युत केलें तो त्याच दालनांत शेजारच्या पटावर खेळत होता. शाळेंत हेडमास्तर म्हणून राहिलेल्या मनुष्यास पुढें त्याच शाळेंत साधा शिक्षक म्हणून वर्गावर जावें लागलें, तर त्याच्या मनाची जी अवस्था होईल, तशीच कांहींशी ही अवस्था समजावी.

प्रतिपक्षी फॉन बार्डेलेबेन हा चौतीस वर्षांचा, खानदानी जर्मन घराण्यांतला, कायद्याचा अभ्यास केलेला गृहस्थ. त्याचा खेळ काळजीपूर्वक आणि ग्रंथशुद्ध. बेसावधपणें सांपडणारा हा खेळाडू नव्हे, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण दुबळ्या प्रतिपक्ष्यावर केलेल्या हल्ल्याचें कौतुक फार दिवस टिकत नाहीं.

आतां डावाकडे वळूं. घरांचा उल्लेख मी असा करणार आहें. मोहरीं ज्या उभ्या पट्टीच्या टोकाला प्रथम मांडलेलीं असतात, त्यांच्या नांवानें ती पट्टी ओळखावयाची: राजाची पट्टी, वजिराची पट्टी, राजाकडील उंटाची पट्टी, याप्रमाणें. आणि घरें सर्वत्र पांढऱ्या बाजूकडून एक ते आठ अशीं मोजावयाचीं. आणखी एक गोष्ट. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीसहि बहुधा एकच घर चाले, आणि राजाला डावांत एकदां घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. विलायती पद्धतींत प्याद्यास पहिल्या चालीला दोन घरें चालतां येतें, आणि राजाच्या उडीऐवजीं किल्लेकोट असतो. म्हणजे राजा दोन घरें बाजूस सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे येऊन बसतो. हा किल्लेकोट वेळेवर न झाल्यास काय होतें, तेंच या डावाचें सार आहे.

स्टाइनिट्झनें जो प्रारंभ निवडला तो अतिशय जुना, इटालियन पंडितांच्या पोथ्यांतून चालत आलेला. त्याचें इटालियन नांव जुओको पियानो, म्हणजे शांत खेळ. दोन्ही बाजूंनीं राजापुढचीं प्यादीं दोन दोन घरें पुढें आलीं. पांढऱ्यानें राजाकडील घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर मारा धरला. काळ्यानें वजिराकडील घोडा काढून त्या प्याद्याला जोर दिला. मग दोघांचेहि राजाकडील उंट बाहेर पडून वजिराकडील उंटाच्या पट्टींत, एक चौथ्या व एक पांचव्या घरांत, असे समोरासमोर उभे राहिले. नंतर पांढऱ्यानें त्याच पट्टींतलें आपलें प्यादें एक घर पुढें सारलें. काळ्यानें दुसरा घोडा बाहेर काढला. पांढऱ्यानें वजिराचें प्यादें दोन घरें लोटलें, काळ्यानें तें मारलें, पांढऱ्यानें उलट मारलें. काळ्यानें उंटाचा शह दिला, पांढऱ्यानें वजिराकडील घोडा मध्यें घातला. येथें पांढऱ्याचें राजाचें प्यादें फुकट मारतां येण्यासारखें होतें. पण बार्डेलेबेन त्या मोहाला भुलला नाहीं. त्यानें वजिराचें प्यादें दोन घरें पुढें टाकून मधोमध टक्कर दिली.

प्याद्यानें प्यादें मारलें गेलें, तें घोड्यानें उलट मारलें, आणि काळ्याचा घोडा वजिराच्या पट्टींतील पांचव्या घरांत मोठ्या दिमाखानें येऊन बसला. स्टाइनिट्झनें किल्लेकोट केला. काळ्यानें दुसरा उंट काढून त्या घोड्याला जोर दिला. पांढऱ्याचा दुसरा उंट काळ्या वजिरावर रोखून राजाकडील घोड्याच्या पट्टींतील पांचव्या घरांत आला, आणि काळ्यानें आपला पहिला उंट माघारा बोलावून राजाच्या पुढ्यांत आडवा घातला. येथपर्यंत कोणाचेंहि कांहीं बिघडलेलें नव्हतें. काळ्याला आतां फक्त एक खेळी हवी होती: किल्लेकोटाची.

ती एक खेळी स्टाइनिट्झनें त्याला मिळूं दिली नाहीं. अकराव्या खेळीपासून त्यानें मारामारी सुरू केली. उंटानें घोडा, उंटानें उंट, घोड्यानें उंट, वजिरानें घोडा. मग पुन्हां उंटानें उंट आणि घोड्यानें उंट. तीन खेळ्यांत पटावरून सहा मोहरीं उठलीं. वरवर पाहणाऱ्याला वाटावें, कीं हा म्हातारा बरोबरी करून लवकर घरीं जाण्याच्या विचारांत दिसतो. पटावर आतां दोघांचेंहि सैन्य समसमान होतें: राजा, वजीर, दोन हत्ती, एक घोडा आणि सहा प्यादीं. फरक होता तो इतकाच, कीं पांढऱ्याचा राजा कोटांत होता, काळ्याचा राजा घरींच उघड्यावर होता, आणि पाळी पांढऱ्याची होती.

स्टाइनिट्झनें चौदाव्या खेळीस आपला हत्ती राजाच्या मोकळ्या पट्टींत आणला. या साध्या दिसणाऱ्या खेळीचा अर्थ नीट पाहावा. त्या पट्टींत सातव्या घरांत काळ्याचा घोडा उभा आहे आणि त्याच्या मागें काळा राजा. घोडा हालला तर राजाला शह बसतो, म्हणून घोडा जखडला गेला. राजानें कोटांत जावें, तर घोड्याचा जोर जातो आणि हत्ती त्याला फुकट मारतो; म्हणून राजाहि जखडला गेला. एकमेकांना आधार देण्यासाठीं दोघे जागच्या जागीं खिळून राहिले. बार्डेलेबेननें यावर उपाय योजला तो शहाणपणाचा होता. राजाकडील उंटाचें प्यादें एक घर पुढें करून त्यानें राजाला पाऊल टाकण्यास जागा केली. किल्लेकोट नाहीं तर पायीं चालत कोटांत जावें, असा त्याचा बेत. पांढऱ्यानें वजीर राजाच्या पट्टींत आणून घोड्यावर दुहेरी मारा केला. काळ्यानें वजीर मागें घेऊन घोड्याला जोर दिला. पांढऱ्याचा दुसरा हत्ती वजिराकडील उंटाच्या मोकळ्या पट्टींत आला. काळ्यानें त्या पट्टींतलें प्यादें एक घर पुढें करून तटबंदी केली. आणखी एक खेळी मिळाली, कीं राजा बाजूला सरकणार, दोन्ही हत्ती मोकळे होणार, आणि पांढऱ्याचें वजिरापुढचें एकटें प्यादें उलट त्यालाच ओझें होणार, अशी स्थिति आली.

या क्षणीं, सतराव्या खेळीस, स्टाइनिट्झनें तेंच एकटें प्यादें एक घर पुढें लोटून काळ्याच्या प्याद्याच्या तोंडीं दिलें. काळ्यानें तें मारलें. प्यादें देऊन पांढऱ्यानें मिळविलें काय? एक रिकामें घर! प्यादें जेथें उभें होतें तें वजिराच्या पट्टींतील चौथें घर मोकळें झालें, आणि इतका वेळ बाजूस बसलेला घोडा तेथें उडी मारून आला. तेथून त्याची पुढची उडी राजाच्या पट्टींतील सहाव्या घरांत, म्हणजे काळ्याच्या थेट काळजांत. काळ्यानें राजा एक घर तिरका पुढें सरकवला, आणि घोडा त्या घरांत येऊन बसलाच. त्याला हाकलून देण्यास काळ्याजवळ एकहि प्यादें उरलेलें नव्हतें.

बार्डेलेबेननें राजाकडील हत्ती उचलून वजिराकडील उंटाच्या पट्टींत पांढऱ्या हत्तीसमोर आणला. पांढऱ्याचा वजीर राजाकडील घोड्याच्या पट्टींत चौथ्या घरांत आला. धाक असा, कीं वजिरानें शेवटून दुसऱ्या ओळींतलें प्यादें मारून शह द्यावा आणि पुढच्याच खेळीला मात करावी. काळ्यानें तें प्यादें एक घर पुढें केलें. दुसरा मार्गच नव्हता. मग घोडा सहाव्या घरांतून उडून राजाकडील घोड्याच्या पट्टींतील पांचव्या घरांत आला आणि त्यानें शह दिला. घोडा उठतांच त्याच्या आड दडलेल्या दोन्ही तोफा उघड्या झाल्या: हत्तीचा मारा काळ्या घोड्यावर, वजिराचा मारा काळ्या वजिरावर. प्याद्यानें घोडा मारावा, तर वजीर जातो. म्हणून राजा आपल्या मूळ घरीं परतला, घोडा आणि वजीर दोघांनाहि जोर देत.

ज्यांनीं पट मांडला असेल त्यांनीं येथें थांबून मोहरीं पडताळून पाहावींत. पांढरा राजा कोटांत, राजाकडील घोड्याच्या पट्टींत पहिल्या घरीं. वजीर त्याच पट्टींत चौथ्या घरीं, घोडा पांचव्या घरीं. एक हत्ती राजाच्या पट्टींत आणि दुसरा वजिराकडील उंटाच्या पट्टींत, दोन्ही पहिल्या ओळींत. दोन्ही हत्ती, दोन्ही घोडे आणि राजाकडील उंट यांच्या पट्ट्यांतील पांच प्यादीं दुसऱ्या ओळींत, जागचीं हाललेलीं नाहींत. काळा राजा स्वस्थानीं, वजीर त्याच्यापुढें वजिराच्या पट्टींत सातव्या घरीं, घोडा राजापुढें. एक हत्ती कोपऱ्यांत, दुसरा वजिराकडील उंटाच्या पट्टींत आठव्या घरीं. काळ्याचीं प्यादीं सहा. पांढऱ्याचें एक प्यादें कमी आहे, आणि खेळी त्याची आहे.

बाविसावी खेळी. स्टाइनिट्झनें हत्तीनें काळा घोडा मारून राजाला शह दिला. हत्ती राजाच्या अगदीं अंगाशीं भिडला असून त्याला कोणाचाहि जोर नाहीं. तो मारावा कोणीं? राजानें मारला, तर दुसरा हत्ती मधल्या पट्टींत येऊन शह देतो, आणि मग वजीर व घोडा मिळून त्या राजाला भर मैदानांत पिटाळून लावतात; त्याचा शेवट मात होण्यांत किंवा वजीर गमावण्यांत होतो. वजिरानें मारला, तर वजीर ज्या घराची राखण करीत होता तें सुटतें. पांढरा हत्ती काळा हत्ती मारून शह देतो, दुसऱ्या काळ्या हत्तीनें त्याला मारलें तर पांढरा वजीर त्यालाहि शह देऊन मारतो, आणि हिशेब होतां पांढऱ्याजवळ एक घोडा अधिक उरतो.

बार्डेलेबेननें दोन्ही न करतां राजा हळूच बाजूच्या घरांत सरकवला. ही खेळी त्याच्या बुद्धीची साक्ष आहे. आतां पांढऱ्याचीं चारहि मोठीं मोहरीं एकाच वेळीं मरणाच्या दारांत आहेत: वजिरावर काळ्या वजिराचा मारा, एका हत्तीवर राजा व वजीर या दोघांचा, दुसऱ्या हत्तीवर काळ्या हत्तीचा, आणि घोड्यावर प्याद्याचा. पांढऱ्यानें लोभानें काळा वजीर मारला, तर काळा हत्ती पांढरा हत्ती मारून पहिल्या ओळींत शह देतो, आणि पांढऱ्या राजाला स्वतःच्याच तीन प्याद्यांच्या आड मात बसते. म्हणजे ज्या कोटानें पांढऱ्याचें इतका वेळ रक्षण केलें, तोच कोट त्याची कोठडी होण्याची वेळ आली! पांढऱ्याला एकहि मोकळी खेळी करण्यास अवकाश नाहीं. प्रत्येक खेळीला शहच दिला पाहिजे.

आणि स्टाइनिट्झनें तो दिला. तेविसाव्या खेळीस तोच हत्ती एक घर बाजूस सरकून पुन्हां राजाला भिडला. येथें त्याला घोड्याचा जोर होता, म्हणून राजाला तो मारतां येईना. वजिरानें मारावा, तर पुन्हां तीच हत्तींची मारामारी. राजा आणखी एक घर पळाला. चोविसाव्या खेळीस हत्ती आणखी एक घर सरकून पुन्हां भिडला. येथें तर तो सर्वस्वी बिनजोर! पण राजानें त्याला मारलें, तर काळ्या वजिरावरचा राजाचा जोर केव्हांच गेलेला आहे, आणि पांढरा वजीर त्याला शह देऊन मारतो. शह असल्यामुळें काळ्याला आपली मात देण्यास उसंतच राहत नाहीं. राजा कोपऱ्यांत गेला. पंचविसाव्या खेळीस हत्तीनें कोपऱ्यासमोरचें प्यादें मारून चौथा शह दिला. एकाच हत्तीनें एकाच ओळींतून, एकामागून एक अशा चार घरांवरून चार शह दिले, आणि बुद्धिबळांतील एका नामांकित खेळाडूला त्यास हात लावतां आला नाहीं.

हें शेवटचें प्यादें मारलें तें पोटासाठीं नव्हे. तें उठल्यामुळें कडेची पट्टी उघडी झाली. राजा मागें येतो, हत्ती पुन्हां शह देतो, राजा कोपऱ्यांत जातो, आणि आतां पांढरा वजीर त्या उघड्या पट्टींतून शह देतो. राजा हत्तीला मारतो. पण त्यानंतर वजीर आणि घोडा दोघे मिळून राजाला साऱ्या ओळींतून हांकत नेतात, आणि पस्तिसाव्या खेळीस, म्हणजे तेथून दहा खेळ्यांनीं, मात करतात. त्यांतील प्रत्येक खेळी सक्तीची. काळ्याला सुटण्यास वाट नाहीं.

बार्डेलेबेनला हें सर्व दिसलें. बुद्धिबळांत हरलेल्यानें राजा आडवा करावा, प्रतिपक्ष्याशीं हस्तांदोलन करावें आणि मग उठावें, असा शिरस्ता आहे. बार्डेलेबेन एक शब्दहि न बोलतां उठला आणि दालनाबाहेर निघून गेला, तो परतला नाहीं. त्याचें घड्याळ तसेंच चालत राहिलें आणि मुदत संपून डाव स्टाइनिट्झचा झाला. स्टाइनिट्झनें मग जमलेल्या मंडळींस दहा खेळ्यांची ती मात पटावर मांडून दाखविली. सामन्यांतील सर्वांत सुंदर डावासाठीं ठेवलेलें पहिलें पारितोषिक याच डावाला मिळालें.

या प्रकारासंबंधीं दोन गोष्टी मला सांगावयाच्या आहेत.

पहिली हल्ल्यासंबंधीं. त्या पूर्वींच्या पिढींत हल्ला म्हणजे शौर्य अशी समजूत होती. १८५१ सालीं लंडन येथें अँडरसननें कीझेरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर यांचे बळी देऊन मात केली, आणि जगानें त्या डावाला अमर डाव असें नांव दिलें. तो डाव मोहकच आहे. परंतु स्टाइनिट्झनें आपल्या लेखांतून व ग्रंथांतून आयुष्यभर वेगळी शिकवण दिली. त्याचें म्हणणें असें, कीं हल्ला करण्याचा अधिकार मनांतल्या उत्साहानें येत नाहीं. पटावरील स्थितीनें तो मिळवावा लागतो. आधीं लहान लहान लाभ गोळा करावे, आणि ते पुरेसे झाले म्हणजेच हल्ला करावा. पण मग तो करावाच, नाहींतर लाभ हातचे निसटून जातात. लोक त्याला रुक्ष, हिशेबी म्हणत. या डावांत त्या हिशेबाचें रूप आपण पाहिलें. सोळाव्या खेळीपर्यंत त्यानें एकहि बळी दिला नाहीं. प्रतिपक्ष्याचा राजा मध्यें अडकवून ठेवणें एवढेंच केलें. भूमितीचा सिद्धांत मांडतांना पक्ष आणि कृति नीट झाल्यावांचून शेवटचें वाक्य कितीहि जोरानें उच्चारलें तरी सिद्धता होत नाहीं. स्टाइनिट्झच्या चार शहांमागें अशी तेरा-चौदा खेळ्यांची कृति उभी होती.

येथें एक शंका निघेल. आज संगणक पटावरील प्रत्येक खेळी तपासून पाहतात, आणि त्यांच्या आधीं अभ्यासकांनींहि हा डाव अनेकदां उकलून पाहिला आहे. त्यांचा निष्कर्ष असा, कीं सतराव्या खेळीस काळ्यानें तें प्यादें मारण्याची घाई केली नसती आणि आधीं राजा बाजूस सरकवला असता, तर त्याला पुष्कळ काळ टिकाव धरतां आला असता. मग या डावाचें सौंदर्य खोटें कीं काय? मला तसें वाटत नाहीं. बचाव होता हें कळल्यानें बार्डेलेबेनची चूक नेमकी कोठें झाली तें समजतें, आणि ती चूक शेवटच्या धुमश्चक्रींत नसून, सर्व कांहीं शांत दिसत असतांना झाली हें समजतें. तोंडाशीं आलेलें प्यादें न मारण्यास फार मोठा संयम लागतो. सातव्या खेळीस त्यानें तो दाखविला होता. सतराव्या खेळीस तो अपुरा पडला.

दुसरी गोष्ट हरण्यासंबंधीं. बार्डेलेबेन उठून गेला याबद्दल त्याला नांवें ठेवणारे पुष्कळ झाले, आणि शिष्टाचाराच्या दृष्टीनें त्याचें वर्तन समर्थनीय नाहीं हें खरेंच. खेळांत हरलेल्या मनुष्याला आपला पराभव कबूल करण्याचें जें लहानसें कर्तव्य असतें, तें त्यानें केलें नाहीं. परंतु त्यानें बाविसाव्या खेळीस जो बचाव शोधला त्याच्यामुळेंच स्टाइनिट्झला त्या चार शहांची वाट काढावी लागली. हत्ती राजानें किंवा वजिरानें मारला असता, तर डाव लवकर आटोपला असता आणि आज तो कोणाला आठवलाहि नसता. विजेत्याच्या कीर्तींत पराजिताचा इतका मोठा वाटा क्वचितच असतो. स्वतःचें नांव ज्या डावानें अजरामर झालें, त्याच डावावरून तो पाठ फिरवून गेला, याची मला हळहळ वाटते.

दोघांचेहि शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहींत. स्टाइनिट्झला त्या सामन्यांत पांचवा क्रमांक मिळाला. पुढें लास्करशीं पुन्हां झालेल्या लढतींतहि त्याला यश आलें नाहीं. १२ ऑगस्ट १९०० रोजीं न्यूयॉर्कमधील मनोरुग्णांच्या एका सरकारी रुग्णालयांत, दारिद्र्यांत, तो वारला. बार्डेलेबेन १९२४ सालीं बर्लिनमध्यें खिडकींतून पडून मरण पावला. ज्या खेळानें त्यांना नांव दिलें, त्यानें पोटाची तरतूद केली नाहीं. आज आपल्या देशांतील मुलांमुलींना बुद्धिबळांत बक्षिसें व मानमरातब मिळतांना पाहून आनंद वाटतो, तेव्हां या दोघांची आठवण करणेंहि उचित होय.

श्रोतेहो, पट मोडण्यापूर्वीं एक करावें. बाविसाव्या खेळीपूर्वींची जी स्थिति मीं सांगितली ती पुन्हां मांडावी, आणि घरांतील एकानें काळ्याची बाजू घेऊन राजाला सोडविण्याचा मनापासून प्रयत्न करावा. हत्ती राजानें मारून पाहावा, वजिरानें मारून पाहावा, राजाला पळवून पाहावें. प्रत्येक वाट कोठें अडते हें स्वतःच्या हातानें सोंगटी हालवून कळलें, म्हणजे त्या दिवशीं हेस्टिंग्जच्या दालनांत जमलेल्या मंडळींनीं काय पाहिलें तें आपणांसहि दिसेल. आणि हरणारा शेवटीं उठेल तेव्हां त्यानें राजा आडवा करून समोरच्याचा हात हातीं घ्यावा, एवढीच विनंति.